शेण जाळू नका

२५ ऑक्टोबर १९७४

घसा पार बसला आहे. काल दसऱ्याच्या सभेत विहारासमोर पावणेदोन तास बोललो, तेही भोंग्याविना. शेलूबाजारच्या भोंगेवाल्याने आमचा ठरवलेला भोंगा ऐन वेळी देवीच्या मिरवणुकीला दिला. देऊ दे. माझ्या आवाजाला अजून तरी भोंग्याची गरज पडलेली नाही.

दरवर्षी या दिवशी मी धम्मदीक्षेवर बोलतो. या वर्षी मातीवर बोललो. उन्हाळ्यात कारंज्याच्या वाचनालयातून जमिनीवरची दोन जाडजूड पुस्तकं आणली होती, ती डोक्यातून जात नव्हती. युरियाचं पोतं यंदा पैसे मोजूनही मिळत नाही आणि आम्ही घरचं खत गोवऱ्या थापून जाळतो! मी लोकांना म्हणालो, सरकारची वाट पाहू नका, रोजच्या सवयी बदला. पालापाचोळा पेटवू नका, खड्ड्यात टाका. मोरीचं पाणी वाटेवर सोडू नका, त्यावर दोडक्याचे दोन वेल जगतात. ओली फांदी तोडू नका. भांड्यावर झाकण ठेवून शिजवा. आणि शेण जाळू नका. "जो शेण जाळतो, तो आपल्या लेकराच्या ताटातली पुढल्या सालची भाकर जाळतो!"

इथे टाळ्या पडल्या. वरच्या गावातली माणसंही विहाराच्या कुंपणापलीकडे उभी राहून ऐकत होती. सरपंच उकंडराव पाटील स्वतः उभे होते, हाताची घडी घालून. दीक्षा घेतल्याला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पाटील आमच्या सभेच्या आसपास फिरकले नव्हते.

घरी आलो तर आई चुलीपाशी. चुलीत गोवरी.

"ऐकलंस का, काय बोललो ते?"

"आयकलं ना. लय चांगलं बोल्ला. आता जेवतं, का चूल इझवू?"

वच्छला तोंडाला पदर लावून हसली. बायको हसली याचं काही नाही. पण जगाला जागं करणाऱ्या माणसाच्या घरातच हे असं.

आई अजून रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आखरावर जाते. गावची ढोरं रानात जायच्या आधी तिथे जमतात. सोबत शेजारची गंगू. गंगू विधवा आहे, शेलूच्या बाजारात गोवऱ्या विकून तिचं चालतं. या बायकांचा एक अलिखित कायदा आहे. शेणाचा पो जिने आधी पाहिला तिने त्यावर पळसाचं पान ठेवायचं. मग ती पुढे निघून गेली तरी दुसरी कुणी त्याला हात लावत नाही. वरच्या गावाने हा कायदा कधी मोडला नाही, कारण वरच्या गावाला शेण वेचायचं नव्हतं.

मेलेली ढोरं ओढायचं आम्ही सोडलं. मागून खायचं सोडलं. ही पाटी मात्र कुणी डोक्यावरून उतरवली नाही. मास्तराच्या आईच्या डोक्यावर शेण! "माहा इंदर या पाटीवर मॅट्रिक झाला" असं ती चारचौघांत सांगते. सांगू नये.

४ नोव्हेंबर

पाटलांनी बोलावणं पाठवलं होतं. गेलो. उकंडराव ओसरीवरून उठून उभे राहिले. "या गुरुजी. खुर्चीवर बसा ना बावा, खाली काहून बसता?" आजवर मी त्यांच्यासाठी 'मास्तर' होतो.

चहा आतून आला, घरातल्या कपबशीत. या ओसरीवर आमच्यातला कुणी आजवर चहा प्यायला असेल तर तो वळचणीला खोचलेल्या कान तुटलेल्या कपात, आणि तो कप धुऊन परत तिथेच खोचायचा. मी चहा पिऊन कप तसाच ताटात ठेवला. धुतला नाही. ही लहान गोष्ट नाही.

उकंडराव म्हणाले, "तुमचं भाषण मले लागलं. आमची नुसती साठ ढोरं आखरावर जाते. त्यायचं शेण जाते कोठी? कोनाच्यातरी चुलीत! गावाचं शेण गावाच्या खड्ड्यात गेलं पाह्यजे का नाई?"

"गेलंच पाहिजे."

"पन आमी म्हनलं तं लोक म्हंतीन, पाटील कंजूस झाला. तुमी म्हना. तुमी गरिबाचे मानूस."

माणूस आडपडदा न ठेवता बोलला, हे मला आवडलं. ठरावाचा मसुदा मीच लिहायचा ठरलं. सवर्ण माणसाच्या मनात माझ्या शब्दाने पालट होतो, याचा आनंद मी लपवणार नाही. इतिहासात सम्राटही बदलले आहेत. अशोकाने रस्त्यांच्या कडेला झाडं लावली ती युद्ध करून थकल्यावरच.

१० नोव्हेंबर, रविवार

ग्रामसभा झाली. ठराव मीच वाचला: "आखर, रस्ते व सरकारी ई-क्लास चराऊ जमीन यांवर पडलेले शेण ही समस्त गावाची मालमत्ता असून ते खताच्या खड्ड्यातच जाईल. कोणाही व्यक्तीने ते वेचू अगर जाळू नये. तयार खत घरटी एक गाडी याप्रमाणे वाटण्यात येईल." मी 'समस्त' या शब्दावर जोर दिला. हात वर झाले. विरोधात एकही हात नाही.

वच्छलाने जेवताना विचारलं, "अजी, सभेत बाया कितीक होत्या?"

"बायका वेचणीला गेल्या होत्या. कापसाचा हंगाम आहे."

"मंग ठराव बाप्यायनं केला."

"ठराव गावाने केला."

"शेण वेचते कोन?"

मी तिला समजावून सांगितलं की हा ठराव बायकांच्याच भल्याचा आहे. डोक्यावरची पाटी उतरेल, धूर डोळ्यांत जाणार नाही, मान ताठ होईल. तिने ऐकून घेतलं आणि ताटं उचलली. चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण विचार व्यापक नाही.

१८ नोव्हेंबर

तीन खड्डे खणले. चांगले पुरुषभर खोल. पंचायतीकडे मोकळी जागा नव्हती, तेव्हा उकंडरावांनी आपल्या संत्र्याच्या बागेच्या कडेला जागा दिली, फुकट. राखणीला तांड्यावरचा मदनसिंग नेमला. तो काठी घेऊन आखरावर उभा असतो. मी सकाळी शाळेत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून पाहून आलो.

"मास्तर," तो म्हणाला, "आजवर ज्वारीची राखण केली, कपाशीची केली. शेनाची राखण पह्यल्यांदाच करून राह्यलो. सोयऱ्यायले काय सांगू?"

"सांग की मी सोनं राखतो."

"मंग बायको मांगीन ना एखादा डाग," म्हणाला आणि आपणच हसला.

ढोरं निघून गेल्यावर गड्यांनी शेण भरून नेलं. आखर लख्ख. मला फार बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

आई रिकामी पाटी घेऊन परत आली. दहा दिवस जातच नव्हती, थापून ठेवलेल्या गोवऱ्यांवर भागत होतं. त्या परवा संपल्या.

"मदनसिंग काय म्हणाला?"

"काय म्हंते? म्हने, भागिरथामाय, तुमच्याच पोराचा कायदा हाय, मले काहून पापात घालता?"

मी म्हणालो, थोडे दिवस कळ काढ. पुढल्या साली घरटी एक गाडी खत मिळेल.

"मले वावर हाय का? ते खत काय कपायाले लावू?"

आईच्या बोलण्यात हे असं असतं. आमच्या मोहल्ल्यातल्या छत्तीस घरांपैकी एकतीस घरांना गुंठाभर जमीन नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही. भूमिहीनांना जमीन हा पुढचा लढा. आधी जमीन जगली तर पाहिजे!

रेशनच्या मातीतेलाची रांग गेल्या आठवड्यात दोनदा लावली. दोन्ही वेळा माझा नंबर यायच्या आत पिंप रिकामं. वच्छला आता एकाच वेळी दोन्ही वेळचं करते. सकाळची भाकर रात्री. सरपणात निम्मी बचत. शाळेत मुलांना मी हे उदाहरण म्हणून सांगितलं. आपल्या घरापासून सुरुवात केली की बोलायला जोर येतो.

८ डिसेंबर

आज संताप आवरत नाही.

ई-क्लासच्या पडिकात गेलो होतो. नाल्याच्या काठाला पळसाची रांग होती, मी लहानपणापासून पाहतो. तीसेक झाडं असतील. आज अकरा खोडं मोजली, गुडघ्याएवढी. ओली. चीक वाहतोय. आणि बाया अजून तोडताहेत. आमच्याच बाया! गंगू पुढे, हातात विळा.

मी ओरडलो, "लाज वाटत नाही? जिवंत झाड तोडता?"

बाकीच्या थबकल्या. गंगू नाही थबकली. फांदी पायाखाली दाबून पुरती तोडली, मग बोलली.

"गुरुजी, तुमी म्हनलं शेन जाळू नोका. नाई जाळलं. आता म्हनता झाड तोडू नोका. मंग काय जाळू, हातपाय?"

"वाळकं वेचा."

"वाळकं कवाचंच सपलं. सारं गाव वेचून राह्यलं ना."

"कपाशीच्या पऱ्हाट्या?"

"पऱ्हाट्या निघायले होळी येते. अन् त्या बी वावरवाल्याच्या." मग तिने फांद्यांचा भारा बांधला आणि मलाच म्हणाली, "जरा हात लावा, डोक्यावर देऊन द्या."

मी हात लावला नाही. दुसरीने लावला.

ओलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. मोहल्ल्यात संध्याकाळी एवढा धूर होता की विहारात पंचशील म्हणताना लोक खोकत होते. दोन महिन्यांपूर्वी या गावात पळसाला कुणी विळा लावत नव्हतं. मला प्रश्न पडतो, आपली माणसं एक वाईट सवय सोडताना तिच्याहून वाईट का धरतात? अडाणीपण एवढं खोल असतं का?

११ डिसेंबर

पंचायतीची बैठक. झाडांचंही ठरावात घातलं. मोडणाऱ्याला शिक्षा काय, यावर वाद झाला. कुणी म्हणालं दंड करा, कुणी म्हणालं चार फटके. मी उठून विरोध केला. म्हणालो, गरिबाच्या पोटावर आणि पाठीवर मारायचं हे जुने धंदे पुरे. माणसाला लाज आहे, लाज पुरे. पंचायतीसमोरच्या फळ्यावर नाव लागेल, तेवढंच. ते मान्य झालं. उकंडराव म्हणाले, "याले म्हंतात शिकलेला मानूस."

फळ्यावर मथळा मीच लिहिला: "गावाची मालमत्ता चोरणारे". अक्षर गावात माझ्याइतकं चांगलं कुणाचं नाही, तेव्हा नावंही मीच लिहायची ठरलं.

२१ डिसेंबर

गंगूची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. परवा मुलगी झाली. थंडी अशी की माठातलं पाणी हाताला चावतं.

आई सकाळपासून घरोघर फिरत होती. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे एखादी जुनी गोवरी राहिली असेल तर मागून आणत होती. अकरा मिळाल्या. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक लागतो, चाळीस दिवस. लाकडाचा जाळ तिथे चालत नाही, भडकतो आणि धूर होतो, तान्ह्या लेकराचा जीव घुसमटतो. गोवरी कशी राखेखाली सारी रात निवांत निखारा धरते. हे सगळं आईने मला आज सांगितलं. मी आठ वर्षं शिक्षक आहे. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

मी घरातलं अर्धी बाटली मातीतेल गंगूकडे द्यायला काढलं.

वच्छला म्हणाली, "ते कायले? बाजेखाली कंदील ठेवता का?"

बाटली परत ठेवली.

२७ डिसेंबर

गंगू सापडली. आखरावर, ढोरं निघाल्यावर, लुगड्याच्या ओच्यात शेण भरताना. पाटी नेली नव्हती, दिसू नये म्हणून. मदनसिंगाने पळू दिलं असतं, तसं तो मला स्वतः म्हणाला, पण मागे उकंडरावांचा गडी उभा होता.

दुपारच्या सुट्टीत पंचायतीतून चिठ्ठी आली.

मी दोन तास विचार केला. नियम जर गरजेपुढे वाकला तर तो नियम उरत नाही. आज गंगूला सोडलं तर उद्या कुणाला धरणार? आणि लोक म्हणतील, मास्तराने आपल्या माणसाला पाठीशी घातलं. सवर्ण तेच म्हणायला टपलेले असतात. आपल्याला न्याय मागायचा आहे ना, मग आपण न्यायात काटेकोर राहिलं पाहिजे. हे मी कितीदा तरी व्यासपीठावरून बोललो आहे आणि ते खरं आहे.

लिहिलं. खडूने, नीट.

आई जेवली नाही. भूक नाही म्हणाली.

३० डिसेंबर

माझ्या तिसरीतल्या पोरांना वाचता येतं, आणि गंगूचं नाव सोपं आहे. शाळेत येता-जाता ती मोठ्याने वाचतात, आधी मथळा, मग नाव. चालीवर. काल मी त्यांना छड्या मारल्या. का मारल्या हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी वाचलं होतं बरोबर.

आज गंगूने लेकीला सासरी लावून दिलं. ओली बाळंतीण, बाराव्या दिवशी, शेलूबाजारवरून जीपमध्ये मागच्या पायरीशी अंग चोरून बसलेली, लेकरू आठ फडक्यांत गुंडाळलेलं. आमच्यात चाळीस दिवसांच्या आत लेक माहेरातून जात नाही. गरिबातली गरीब आईही तेवढं करते. व्याही घ्यायला आला होता, तो गंगूशी एक शब्द बोलला नाही. आईच्या कानावर आलं, जीप निघाल्यावर गंगू म्हणाली, "तिकडं चुलीत जाळ तं हाय."

६ जानेवारी १९७५

उकंडरावांकडे गेलो. म्हणालो, आखरावरचं शेण बाळंतिणीच्या घराला, म्हाताऱ्यांना, निदान थंडी ओसरेपर्यंत तरी वेचू द्यावं.

"गुरुजी, मले काय, माह्या खिशातून जाते का?" ते म्हणाले. "पन कायदा हाय. एकीले देल्लं तं दुसरी येते. हे तुमीच सांगतलं ना सभेत? कागद आना रे!" कागद आणवला आणि मला म्हणाले, "वाचा. 'कोणाही व्यक्तीने'. तुमचंच अक्षर हाय."

"घरटी एक गाडी खताचं काय?"

"देऊ ना. ज्याच्यापाशी गाडी हाय त्यानं यावं, भरून न्यावं. कोन नाई म्हन्ते?"

मोहल्ल्यात एकही बैलगाडी नाही.

"अन् उरलं-सुरलं खत लिलावात काढू. खड्डे बागेतच हायत, वाहतुकीचा बी ताप नाई."

बाहेर पडताना मी संत्र्याच्या बागेकडे पाहिलं. झाडांच्या आळ्यांतून अर्धकुजलं काळं खत पसरलेलं होतं. लिलाव अजून व्हायचा आहे.

दोन महिने मी या माणसाबद्दल वहीत काय काय लिहिलं ते आज परत वाचलं. फाडून टाकावंसं वाटलं, पण फाडलं नाही. असू दे. मी मूर्ख होतो याचा पुरावा माझ्याच हातचा असावा. पण मी मूर्ख असलो तरी मुका नाही. सव्वीस तारखेला अकोल्याहून शेतीखात्याचे साहेब येणार आहेत. तालुक्यात आमचं गाव खत-मोहिमेत आदर्श ठरलं आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. त्या दिवशी पाहू.

१९ जानेवारी

भाषणाची तयारी. तीनदा लिहून काढलं. रोज शाळा सुटल्यावर नाल्याकाठी जाऊन म्हणून पाहतो. पळस आता सहा उरलेत. वच्छलाच्या हाताला ओल्या लाकडाची फूस लागून पिकलं आहे, भाकरी आई करते. मी म्हणालो, थोडे दिवस थांब, सव्वीसला सगळं उलटवून टाकतो. ती म्हणाली, "तोवर सुई असन तं द्या, फूस काढाची हाय."

२६ जानेवारी, रविवार

जन्मात असं बोललो नव्हतो.

झेंडावंदन झालं, साहेबांचा सत्कार झाला, मला शाल दिली. मग मी उभा राहिलो. आज भोंगा होता. मी म्हणालो, या गावात चोरी झाली आहे आणि चोर शाल पांघरून तुमच्यासमोर उभा आहे! आम्ही माती वाचवायला निघालो आणि आधी गरिबाची चूल विझवली. ज्याला वावर आहे त्याच्यासाठी शेण म्हणजे खत, ज्याला वावर नाही त्याच्यासाठी तेच शेण म्हणजे शिजलेलं अन्न, बाळंतिणीचा शेक, बाजारातलं मीठमिरची. त्याला दुसरा जाळ न देता आम्ही सांगितलं, तुझी सवय वाईट आहे. सवय बदलायला आधी घरात काहीतरी असावं लागतं! मी तुमच्या संत्र्याच्या बागेला खत घातलं आणि त्यासाठी एका आईची ओली लेक थंडीत घराबाहेर काढली. हा ठराव मी लिहिला, मीच म्हणतो, तो फाडा!

बोललो ते सगळं बोललो, पाटलांचं नाव घेऊन बोललो.

आणि टाळ्या. एवढ्या टाळ्या मला कधी पडल्या नव्हत्या. माणसं उभी राहिली. साहेबांनी हात हातात घेतला, म्हणाले, एवढं जिवंत वक्तृत्व आणि एवढी निर्भीड आत्मटीका आम्ही जिल्ह्यात ऐकली नाही, तुम्हाला मंगरूळच्या मेळाव्यालाही बोलवू. सगळ्यांत शेवटपर्यंत उकंडराव टाळ्या वाजवत होते. खाली उतरल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा गुरुजी! आमालेई नाई सोडलं! लोकायले लय मजा आली." मग साहेबांना बाग दाखवायला घेऊन गेले.

ठरावाचं कुणी काढलंच नाही. मी दोघा-तिघा पंचांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "बोल्ले मात्र खरं बोल्ले तुमी." आणि पेढे खात राहिले.

मोहल्ल्यातली एकही बाई सभेला नव्हती. सगळ्या दोन कोसांवरच्या जंगलात सरपणाला गेल्या होत्या. फक्त आई पाय दुखतो म्हणून घरी होती.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"आयकलं ना. भोंगा होता, सारं आयकू आलं." ती अंगणात उन्हाला बसली होती. "गंगूचं बोल्ला, चांगलं केलं. मंग उद्यापासून आखरावर जाऊ का?"

मी म्हणालो, "बघू."

२८ जानेवारी

आई काल गेली होती. मला न विचारता, पाटी घेऊन, उजेडी, सगळ्यांदेखत. मदनसिंगाने अडवलं तर म्हणाली, "माह्या पोरानं काल भोंग्यावरून सांगतलं, ठराव फाडा म्हनून. तुले नाई आयकू आलं?" तो म्हणाला, "आयकू आलं माय. पन फाडला का?"

तरी तिने दोन पो उचलले.

आज दुपारी चिठ्ठी आली. दोन नावं. एक मदनसिंगाची बायको रामीबाई, तिनेही काल शेण उचललं होतं. तिचं नाव नोकरी टिकवायला त्याला स्वतःलाच द्यावं लागलं. दुसरं आईचं.

मी चिठ्ठी खिशात घालून घरी आलो. आईला म्हणालो, मी लिहिणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे. बदली करतील, करोत.

"काहून नाई लिवत?"

"तुझं नाव आहे."

"गंगूचं लिवलं ना."

वच्छला दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"गंगूचं लिवलं, तसंच माह्यंई लिव," आई म्हणाली. "महिना झाला, ती माह्याकडं येत नाई, अन् मले तिच्याकडं जाता येत नाई. उठ."

ती माझ्यासोबत आली. पदर सावरून, मोतीबिंदूच्या डोळ्यावर हात धरून फळ्यासमोर उभी राहिली. पंचायतीच्या पायरीवर पाचसहा माणसं बसली होती. मी गंगूच्या नावाखाली लिहिलं. आईला अक्षर येत नाही. गावच्या दोनशे पोरांना मी शिकवलं, तिला शिकवायचं कधी सुचलं नाही.

"कोंतं माह्यं?"

मी बोट ठेवलं.

तिने बराच वेळ पाहिलं. आपलं नाव ती जन्मात पहिल्यांदा पाहत होती.

"अन् चोर कोठी लिवलं?"

मी वर दाखवलं.

"हे पुसलं जाते ना?" तिने आपल्या नावाकडे हात केला.

"हो. खडू आहे."

"अन् ते वरचं?"

"ते नाही," मी म्हणालो. "तो तेलरंग आहे."